आधी पाणी, मग हात

गाडी धुळीनं खराब होत नाही, पुसण्यानं होते.

हे वाक्य मी आजवर निदान पन्नास जणांना ऐकवलं असेल. त्यातल्या पंचेचाळीस जणांनी माझ्याकडे ‘काहीतरीच काय!’ अशा नजरेनं पाहिलं. उरलेले पाच जण त्या वेळी गाडी पुसत होते, त्यामुळे त्यांनी वर पाहिलंच नाही. :)

धुळीबद्दल बोलायचा अधिकार आम्हा विसरवाडीकरांना थोडा जास्तच आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यातच होतो. म्हणजे धूळ आमच्या पत्त्यातच होती. जिल्हा बदलला, धूळ काही बदलली नाही. गावाला लागून धुळे-सुरत रस्ता जातो. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आता नव्या क्रमांकानं ५३. कोंडाईबारीचा घाट उतरून आलेले ट्रक इथून नवापूरकडे आणि पुढे गुजरातेत जातात, तिकडून येणारे घाट चढायच्या आधी इथे दम खातात. नंदुरबारकडे जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. त्यात या महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं सुरू, बंद, पुन्हा सुरू असं चाललं. ज्यांनी तो काळ या रस्त्याच्या कडेला राहून काढला आहे, त्यांना मुरूम, खडीची भुकटी आणि सिमेंट यांचे रंग अंधारातसुद्धा ओळखता येतील.

सकाळी धुतलेली गाडी दुपारी बघावी तर टपावर बोटानं नाव लिहिता येईल इतका थर. आणि लिहितातच पोरं. ‘मला धुवा’ हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जास्त लिहिलं गेलेलं साहित्य असावं. गंमत अशी, की गाडी धुतल्यावरही काही वेळा ती अक्षरं तिरप्या उजेडात दिसतात. बोटाखाली धूळ घासली गेली आणि अक्षरं रंगात कोरली गेली. सगळा मुद्दा त्या दोन शब्दांत आहे. नुसती धूळ बसली होती तोवर काही बिघडलं नव्हतं. वरून बोट फिरलं आणि चरा पडला. बोटाच्या जागी फडकं धरा, गोष्ट तीच.

एक प्रयोग करून बघा. दोन-तीन वर्षं वापरलेली एखादी काळी किंवा गडद निळी गाडी संध्याकाळच्या उन्हात उभी करा आणि बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडेल अशा ठिकाणी उभे राहा. त्या प्रतिबिंबाभोवती बारीक बारीक चऱ्यांची वर्तुळं दिसतील, कोळिष्टकासारखी. ते बघून बहुतेक जण म्हणतात, “पोरानं गोल गोल फडकं मारलं, म्हणून असं झालं.” खरं तर चरे सगळ्या दिशांनी असतात, आडवे, उभे, तिरपे. त्यातला जो चरा उजेडाला बरोबर आडवा येतो तेवढाच चमकतो, बाकीचे दिसत नाहीत. त्यामुळे सूर्य जिथे दिसतो त्या जागेभोवती वर्तुळ झाल्याचा भास होतो. चार पावलं सरकून बघा, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकेल. म्हणजे उभं पुसलं काय नि गोल पुसलं काय, खाली धूळ असेल तर चरे पडणारच. फरक इतकाच, की पांढऱ्या गाडीवर ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि मालक सुखी राहतो.

आता हा रंग म्हणजे नक्की काय असतो ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. पत्र्यावर आधी गंज न लागण्यासाठी एक थर, मग प्रायमर, मग आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर, क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा एक केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे सगळे थर मिळून दीड-दोन केसांएवढे! त्यातला क्लिअर कोट एका केसाहूनही पातळ. चमक त्याची, उन्हापासून खालच्या रंगाला वाचवण्याचं काम त्याचं, आणि मारही त्यालाच. जुन्या अँबॅसिडर, प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांना असा वेगळा पारदर्शक थर नसे. घासून पॉलिश केलं की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. ‘गाडी जितकी घासाल तितकी चमकते’ ही आपली समजूत त्या काळची. गाड्या बदलल्या, समजूत मात्र वडिलोपार्जित इस्टेटीसारखी पुढच्या पिढीकडे चालत आली.

आणि धूळ? १८१२ साली फ्रीडरिश मोह्स नावाच्या खनिजतज्ज्ञानं कठीणपणाची एक मोजपट्टी मांडली. सगळ्यात मऊ शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १०. आपलं नख अडीचच्या आसपास, खिडकीची काच साडेपाच आणि गारगोटी ७. आमच्याकडचा दगड म्हणजे दख्खनचा काळा बसाल्ट. त्यातल्या कणांचा कठीणपणा काचेच्या जवळपास किंवा तिच्याहून थोडा जास्त, आणि त्याच दगडाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटीही सापडते. खडी फोडताना आणि ट्रकच्या चाकाखाली हेच सगळं दळलं जातं आणि उडून तुमच्या बोनेटवर बसतं. क्लिअर कोट हा शेवटी प्लॅस्टिकच्याच जातीचा. त्यावर दगडाचं पीठ, पीठावर कोरडं फडकं आणि फडक्यावर माणसाच्या हाताचा जोर. याला पॉलिशपेपर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

तरीही रोज सकाळी महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत हा पॉलिशपेपर लाखो गाड्यांवर फिरतो, आणि तोही प्रेमानं.

फडकं मऊ असलं म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं. ते पेट्रोलपंपावर आणि सिग्नलला मिळणारं पिवळं फडकं नवं असताना खरंच मऊ असतं. पण चरे फडक्यानं पडत नाहीत, फडकं आणि रंग यांच्यामध्ये जे अडकतं त्यानं पडतात. मखमलीत वाळू गुंडाळून घासली तर मखमल काय करणार? लांब दोऱ्यांच्या झटकणीचंही तेच. ती धूळ उचलते म्हणतात. काही उचलते, बाकीची फरपटत नेते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे धुळकट गाडीवर घातलेलं कव्हर. वारा सुटला की ते रात्रभर गाडी घासत बसतं. मालक घरात निवांत झोपलेला, कारण गाडी झाकलेली आहे ना!

गाडी चरे न पाडता धुवायची कशी, हे शिकायला खरं म्हणजे इंटरनेटवर जायची गरज नाही. स्वयंपाकघरात जा. मेथीची किंवा पालकाची जुडी कशी धुतात बघा. पातेलंभर पाण्यात भाजी बुडवायची, हलवायची आणि हातानं वर उचलून घ्यायची. पातेलं कधी चाळणीत उपडं करायचं नाही, कारण तळाशी बसलेली माती पुन्हा भाजीवर येते. मग पाणी बदलून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. हे ज्या घरात कळत नाही त्या घरात जेवताना कचकच लागते. आता आपण बादलीत तेच फडकं बुडवतो, पिळतो आणि पुन्हा गाडीवर फिरवतो तेव्हा काय करतो? तळाची माती परत भाजीवर घालतो. दाताखाली आली असती तर लगेच कळलं असतं, पण गाडीला दात नाहीत.

तर पद्धत अशी. मी जशी करतो तशी सांगतो.

गाडी सावलीत आणि बोनेट गार झालेलं. उन्हात धुतली तर साबण आणि पाणी जागच्या जागी वाळतं आणि डाग पडतात. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे हे डाग पांढरे, क्षारांचे असतात आणि निघता निघत नाहीत.

चाकं आधी, आणि त्यांचं फडकं वेगळं. ब्रेकची भुकटी लोखंडी असते. ते फडकं चुकूनही वर न्यायचं नाही.

मग नुसतं पाणी. टपापासून खाली, हात न लावता. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि नेमकी हीच सगळे गाळतात. जेवढी धूळ हात लागायच्या आधी वाहून जाईल तेवढे चरे वाचले. चिखल वाळलेला असेल तर ओला करून पाच-दहा मिनिटं सोडून द्यायचं. भांडी घासायला बसणारी बाई करपलेलं पातेलं आधी भिजत घालते की नाही? तसंच. प्रेशरचा पाईप असेल तर उत्तम, पण नोझल रंगाला चिकटवायचं नाही, दीड-दोन फूट लांब धरायचं. एरवी सुटलेल्या रंगाचा पापुद्राच उडायचा.

मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कपड्याची पावडर नको, त्यात सोडा असतो, वॅक्स असेल तर ते धुऊन काढतो आणि रबरही कोरडं पाडतो. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि पुन्हा शाम्पूत. घाण सगळी साध्या पाण्याच्या बादलीत जमते. धुऊन झाल्यावर त्या बादलीचा तळ जरूर बघा. जो गाळ दिसेल तो सगळा एरवी फडक्याबरोबर रंगावर फिरला असता.

मायक्रोफायबरच का? त्याचे तंतू अतिशय बारीक आणि लोंबते असतात, त्यामुळे कण आत ओढले जातात आणि रंगापासून थोडे दूर राहतात. पण तेही भरलं की भरलंच. जमिनीवर पडलेलं फडकं, मग ते कितीही महागडं असो, धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचं नाही.

वरून खाली, सरळ रेषेत, हलक्या हातानं. सरळ रेषेनं चरे थांबत नाहीत, हे वर सांगितलंच; पण एखादा पडलाच तर एकाच दिशेला पडतो आणि कमी डोळ्यांत येतो. टप, काचा, बोनेट, दरवाज्यांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी खालची पट्टी आणि बंपर, कारण सगळा रस्ता तिथे चिकटलेला असतो. मग पुन्हा पाणी. आणि वाळवताना घासायचं नाही, मोठं मऊ टॉवेल पसरून टिपून घ्यायचं, लहान बाळाचं अंग टिपतात तसं. पक्ष्याची विष्ठा दिसली तर मात्र आठवड्याची वाट बघू नका, ती रंग खाते. ओला कापूस किंवा टिश्यू दहा मिनिटं ठेवून अलगद उचला, नखानं खरवडू नका.

झालं. यात गूढ असं काही नाही. ज्याला एका वाक्यात हवं असेल त्यानं शीर्षक पुन्हा वाचावं.

आता कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? चरे पडले तर पॉलिश मारून घेऊ. पॉलिश म्हणजे काय, तर चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या पातळीला आणणं. एका केसाहून पातळ थरातून दर वेळी थोडा खर्च करायचा. दोन-चार वेळा चालतं, मग एक दिवस टपावर पांढुरके चट्टे येतात आणि पापुद्रे सुटायला लागतात. सिरॅमिक कोटिंगवाले ‘नाइन एच’ कठीणपणा सांगतात. तो आकडा मोह्सच्या मोजपट्टीचा नव्हे, पेन्सिलीचा. चित्रकलेच्या एचबी, टू बी पेन्सिली असतात ना, त्याच हिशेबातली नाइन एच पेन्सिल त्यावर ओरखडा पाडत नाही, इतकाच त्याचा अर्थ. गारगोटी पाडतेच. कोटिंगनं पाणी छान ओघळतं, घाण कमी चिकटते, हे खरं. पण त्याच्या भरवशावर कोरडं फडकं मारणं म्हणजे हेल्मेट घातलं म्हणून भिंतीवर डोकं आपटणं.

इथपर्यंत सगळं तंत्राचं झालं. पण मला खरं बोलायचंय ते पुढचं.

आधी पाणी म्हटलं, की पाणी आणायचं कुठून हा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. साध्या पाईपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. पाईप हातात धरून, मोबाईलवर बोलत बोलत दहा मिनिटं गाडी धुतली तर शंभर-दीडशे लिटर गेलं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं उद्दिष्ट आहे माणशी दररोज ५५ लिटर. म्हणजे आपण एका आंघोळीत गाडीला साधारण दोन ते पावणेतीन माणसांचं दिवसभराचं पाणी पाजतो! आमच्या नवापूर तालुक्यात पाऊस तसा बरा. पण याच जिल्ह्यात सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन दरीत उतरतात आणि भरलेले हंडे डोक्यावर घेऊन पुन्हा चढतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरला पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड जाहीर झाला. तेव्हा ‘रंगाला चरे पडू नयेत म्हणून पाईप सोडा’ असा सल्ला मी देणार नाही, आणि कोणी दिला तर ऐकू नका.

दोन बादल्या आणि दोन वेळचं पाणी मारणं, ते मगानं किंवा शेतातल्या फवारणीच्या पंपानं जपून केलं, तर लहान गाडी चाळीस-पन्नास लिटरात नीट होते. पंप मात्र कीटकनाशकाचा वापरलेला नको, नवा कोरा हवा. आमच्याकडे तो सोपा पडतो, फवारा बारीक असतो आणि पाणी कमी लागतं. पावसाळ्यात तर आभाळच पहिलं पाणी मारून देतं, आपण फक्त दोन बादल्या घेऊन बाहेर यायचं. आणि राहिलेल्या दिवसांत? राहिलेल्या दिवसांत गाडी धुवायचीच नाही. पुसायचीही नाही. काचा, दिवे आणि आरसे तेवढे ओल्या फडक्यानं स्वच्छ ठेवायचे, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. बाकीची धूळ बसू द्यायची.

इथे लोक अडतात. पाणी वाचवायला तयार, कष्ट वाचवायला तयार, पण धुळकट गाडी दारात उभी ठेवायला तयार नाहीत. लोक काय म्हणतील! आपल्याकडे मळकी गाडी म्हणजे आळशी माणूस, असं समीकरण झालंय. आणि गाडी चकाचक हवी, पाणी नाही, वेळ नाही, मग उरतो एकच मार्ग: कोरडं फडकं. आणि ते मारायला दुसऱ्याचा हात.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पहाटे गाड्या पुसणारी माणसं बघितली आहेत का? एक बादली, एक फडकं आणि साहेब लोक ऑफिसला निघायच्या आत वीस-पंचवीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ दहाव्या गाडीवर, दहावीची विसाव्या गाडीवर. पगार महिन्याचा आणि करार रोज पुसण्याचा. एखाद्या दिवशी तो आला नाही तर पैसे कापायला मालक तयार. आणि वर्षभरानं गाडीवर कोळिष्टकं दिसायला लागली की हाच मालक म्हणतो, “त्या पोरानं वाट लावली गाडीची.” अहो, त्यानं तेच केलं ज्याचे तुम्ही पैसे दिले! रोज पुसायला सांगणं म्हणजे रोज चरे पाडायला सांगणं. त्याला नळ कोणता वापरायचा ते सोसायटी सांगत नाही, दुसरी बादली कोणी देत नाही, फडकं त्याचं त्यानं आणायचं. आणि दोष मात्र त्याच्या हाताला.

आमच्या हायवेवर चित्र वेगळं, पण गणित तेच. ढाब्यावर गाडी थांबली, की एखादा विशीतला पोरगा फडकं घेऊन येतो. काच पुसतो आणि हात लांबतोच, तसा बोनेटवरही मारतो. अशाच एकाला मी विचारलं, “अरे, आधी पाणी का नाही मारत?” तो म्हणाला, “काका, पाण्याची एकच बादली देतात दिवसाला. आणि पाणी मारलं तर गाडी ओली राहते, गिऱ्हाईक म्हणतं पुसलीच नाही. कोरडं मारलं की लगेच चमकते, मग दहा रुपये देतात.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तो बरोबर होता. फडकं मारल्यावर जी चमक दिसते तिचेच पैसे मिळतात. चरे वर्षभरानं दिसतात आणि तोवर गाडी पार सुरतेला पोचलेली असते. त्याला चुकीची पद्धत कोणी शिकवली, तर गिऱ्हाइकांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही. दहा-दहा रुपये देऊन.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तुमची गाडी जो कोणी धुतो, त्याचे पैसे तेच ठेवा आणि दिवस कमी करा. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा, पण नीट, दोन बादल्या घेऊन. हातमोजा आणि दोन टॉवेल तुम्ही आणून द्या. बाहेर जोडीनं जेवायला जेवढे पैसे घालवता, तेवढ्यात हे सामान वर्षभराचं होतं. त्याला पद्धत एकदा समजावून सांगा, बादलीचा तळ दाखवा. मी माझ्या ओळखीच्या एका वॉशिंगवाल्याला तो गाळ दाखवला तेव्हा त्यानं बोटानं चिमटीत धरून चोळून बघितला आणि म्हणाला, “हे तर रवाळ आहे.” त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही. हातानं काम करणाऱ्या माणसाला हाताला लागलेली गोष्ट लगेच कळते. कळत नाही ते आपल्याला, कारण आपण लांब उभे राहून फक्त चमक बघतो.

एरवी हे शहाणपण आपल्याकडे नव्हतं असं नाही. पोळ्याच्या दिवशी बैल धुताना बघा. कोणी बैलाला गोठ्यात उभं करून कोरड्या फडक्यानं पुसत नाही. आधी पाण्यात नेतात, अंगावरचा चिखल भिजू देतात, मग हातानं चोळतात, पुन्हा पाणी सोडतात. शेताच्या कामात बैल मळलेला असला म्हणून कुणी त्याच्या मालकाला नावं ठेवत नाही. मळलेला आहे म्हणजे कामाला लागलेला आहे. खांद्याला मात्र हळद-तूप लावतात, कारण जू तिथे बसतं, दुखतं ते तिथेच. कुठे जपायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे ज्या लोकांना बैलाच्या बाबतीत इतकं नीट माहीत होतं, त्यांचीच नातवंडं दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घालायच्या गडबडीत कोरडं फडकं घेऊन सुटतात, हे मला दर वर्षी बघवत नाही.

असो. गाडी वस्तूच आहे, तिला चरे पडले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण आपल्या चकाचकीच्या हौसेपायी पाणी कुणाचं जातं आणि बोल कुणाला लागतो, एवढं तरी बघायला काय हरकत आहे?

कधी या रस्त्यानं सुरतेकडे निघालात आणि घाट उतरून चहाला थांबलात, तर फडकं घेऊन येणाऱ्या पोराला एवढंच सांगा, “बोनेट राहू दे, फक्त काच पूस, पाणी लावून.” आणि दहा रुपये पूर्ण द्या. बोनेटवरची धूळ आमच्या विसरवाडीची आहे, सोनगडपर्यंत टिकेल. पुढे एखादा पाऊस लागला तर तो घेऊन जाईल.